शेगडी बाहेरच बरी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी आजवर लिहिले ते लसीकरण, बालदमा, परीक्षेच्या काळातील मुलांची पोटदुखी अशा विषयांवर. या वर्षी संपादकांनी आग्रह धरला की, "डॉक्टर, औषधे पुरे झाली, आता प्रवासवर्णन द्या." मी होकार दिला खरा, परंतु लिहावयास बसले तेव्हा ध्यानात आले की, माझे प्रवासवर्णन फिरून फिरून दवाखान्याच्याच दारात येऊन उभे राहते. वाचकांनी क्षमा करावी.

२०२३ सालच्या जून महिन्यात आम्ही उभयता अमेरिकेस गेलो होतो. माझे थोरले बंधू, आमचा दादा, चाळीस वर्षांपूर्वी ग्वाल्हेर सोडून तिकडे गेला व आता सॉल्ट लेक सिटीत निवृत्त अभियंत्याचे आयुष्य जगत आहे. निवृत्तीनंतर त्याने एक आर. व्ही. घेतली. आर. व्ही. म्हणजे चाकांवरचे घर. पंचवीस फूट लांबीच्या त्या गाडीत झोपण्याच्या दोन जागा, न्हाणीघर, शीतकपाट, तीन बर्नरचा गॅस आणि त्याखाली छोटी भट्टी, असा सारा संसार मांडलेला असतो. स्वच्छ पाण्याची टाकी वेगळी, सांडपाण्याची वेगळी आणि मैल्याची तिसरीच. दादा ती रिकामी करावयास हातमोजे घालून निघाला की वहिनी म्हणत, "बघा वन्सं, आय.आय.टी.चा उपयोग!"

त्या घरात दादा, वहिनी, त्यांचा अकरा वर्षांचा नातू, माझे यजमान आणि मी अशी पाच माणसे यलोस्टोन पाहावयास निघालो. आयडाहो फॉल्सवरून उत्तरेस जाणारा रस्ता धरून सायंकाळपर्यंत वेस्ट यलोस्टोन या मोंटाना राज्यातील गावी पोहोचलो. राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम दाराशी वसलेले हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आहे. आपल्याकडे ग्वाल्हेरीत पारा पंचेचाळीस अंशांवर असताना तेथे आम्ही लोकरीचे कपडे घालून हिंडत होतो. गावाबाहेर पाइनच्या झाडांत गाड्या उभ्या करण्याची एक जागा होती. तेथे वीज व पाण्याची जोडणी मिळत असे. पुढील तीन दिवस तेच आमचे अंगण.

अंगणातला स्वयंपाक

अंगण हा शब्द मी मुद्दाम वापरला. शिंदे की छावणीतील आमच्या जुन्या घरी मांसाहार स्वयंपाकघरात होत नसे. आईचा ओटा व देवघर यांत एका भिंतीचेच अंतर. म्हणून महिन्यातून दोन रविवारी बाबा अंगणात कोळशाची शेगडी पेटवीत, वेगळे पातेले, वेगळी पळी, वेगळा पाटा घेऊन बसत आणि स्वतःच्या हाताने मटण शिजवीत. दादाकडे विंझणा व माझ्याकडे आले-लसूण सोलण्याचे काम. आमचा श्रावण शेजारच्या हिंदी भाषिकांच्या श्रावणानंतर पंधरा दिवसांनी सुरू होई. त्यामुळे ते उपास धरून बसलेले असताना आमच्या अंगणातून मसाल्याचा वास जाई आणि आई संकोचाने अर्धमेली होई. आषाढातील पावसात बाबा एका हातात छत्री धरून शेगडी सांभाळीत. स्वतः भिजत, शेगडी मात्र कोरडी.

दादाने त्या दुपारी गाडीच्या पोटातील कप्प्यातून एक पेटी काढून लाकडी बाकावर ठेवली, तेव्हा मला हेच आठवले. पेटी लोखंडी, मोठ्या प्रवासी बॅगेएवढी, झाकणाची. तिला पेलेट ग्रिल म्हणतात. १९७०च्या दशकातील तेलटंचाईनंतर अमेरिकेत लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या घरे तापविण्यासाठी वापरात येऊ लागल्या. पुढे ऑरेगॉन राज्यातील माउंट एंजल येथील जो ट्रेगर यांनी १९८०च्या दशकात त्याच कांड्यांवर चालणारी स्वयंपाकाची शेगडी बनविली. या कांड्या पेन्सिलीएवढ्या जाड असतात. भुशावर प्रचंड दाब दिला की उष्णतेने लाकडातील लिग्निन मऊ होते व तेच डिंकाचे काम करते. ओलावा मात्र त्यांचा वैरी. पाणी लागले की कांडी फुगून पुन्हा भुसा होते आणि यंत्रात अडकून बसते. म्हणून दादा त्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, जशी आपण पावसाळ्यात पापडांची निगा राखतो.

रचना सोपी आहे. एका बाजूच्या कप्प्यात कांड्या भरावयाच्या. मळसूत्रासारखा दांडा फिरून त्या थोड्या थोड्या आतील लोखंडी वाटीत ढकलतो. विजेने लाल होणारी एक सळई प्रारंभी त्या पेटविते व पंखा वारा घालतो. म्हणजे विंझणा धरलेला दादा आता यंत्रात शिरला आहे! आतील तापमान मोजून यंत्रच कांड्यांचा पुरवठा कमी-अधिक करते. सळई तापेपर्यंत वीज बरीच लागते, पुढे केवळ पंखा व दांडा यांच्यापुरती. म्हणूनच प्रवासात ही शेगडी सोयीची पडते.

शस्त्रक्रिया आणि वादविवाद

आदल्या संध्याकाळी आयडाहो फॉल्सला पावणेदोन किलोची अख्खी कोंबडी घेतली होती. वहिनी ती नळाखाली धरणार तोच मी त्यांना अडविले. आपल्याकडे तीन पाण्यांनी धुऊन हळद चोळल्याशिवाय कोंबडी पातेल्यात जात नाही, आणि बाजारात समोर कापून घेतलेल्या कोंबडीला रक्त-पिसे लागलेली असतात तेव्हा ते समजण्यासारखे आहे. परंतु साफ करून बांधून दिलेली कोंबडी धुतल्याने जंतू मरत नाहीत, ते शिंतोड्यांबरोबर ओटाभर पसरतात. त्यात साल्मोनेला असतो तसा कॅम्पायलोबॅक्टरही असतो. आणि गियाँ-बारे आजाराने पायांतील शक्ती गेलेले मूल ज्याने पाहिले आहे, तो कॅम्पायलोबॅक्टरला किरकोळ मानीत नाही. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, तीस वर्षे धूत आले, कोणी मेले नाही." मी म्हटले, "वहिनी, कोठल्या जुलाबाचे कारण काय होते, हे तरी कोठे आपल्याला कळले?" अखेर कागदाने टिपून कोरडी करण्यावर तह झाला.

पुढील काम यजमानांकडे गेले. ते अस्थिरोगतज्ज्ञ. जाड कात्रीने त्यांनी कोंबडीचा पाठीचा कणा दोन्ही बाजूंनी कापून काढला, छातीच्या हाडावर तळहाताने दाब दिला व कट् असा आवाज होताच ती पुस्तकासारखी उघडून सपाट झाली. "सर्जन, रुग्ण वाचेल काय?" असे नातवाने गंभीरपणे विचारले. अशी सपाट केल्याने छाती व तंगड्या जवळजवळ एकाच वेळी शिजतात. अख्खी ठेवली तर तंगड्यांची वाट पाहता पाहता छाती कोरडी पडते. मग मीठ चोळून रात्रभर शीतकपाटात उघडी ठेवली. मीठ आत मुरते व कातडी सुकते. दुसऱ्या दिवशी वरून तेल, मिरपूड, तिखट आणि वहिनींनी ग्वाल्हेरच्या पद्धतीने घरी केलेला काळा मसाला.

दुपारी चार वाजता दादाने शेगडी २२५ अंश फॅरनहाइटवर लावली. या मंद आचेवर कांड्या अधिक धुमसतात व धूर अधिक देतात. पृष्ठभाग थंड व किंचित ओलसर असेतो मांसाला तो धूर लागतो. म्हणून पहिला तास धुरासाठी. परंतु तेवढ्याच आचेवर शेवटपर्यंत ठेवले तर कातडी रबरासारखी राहते. तिच्याखालील चरबी वितळावयास अधिक उष्णता हवी. म्हणून नंतर आच साडेतीनशेपर्यंत चढवावयाची. माणसांप्रमाणेच, आधी धीर आणि मग धग.

शिजली की नाही, हे रंगावरून ठरवू नये. ताप हात लावून पाहिल्यासारखेच ते आहे. सुईसारखा थर्मामीटर छातीच्या जाड भागात, हाडाला न लावता खुपसावा. १६५ अंश, म्हणजे ७४ सेल्सिअस, ही सुरक्षित मर्यादा. अमेरिकेच्या कृषी खात्याने २००६ साली कोंबडीच्या सर्व भागांसाठी हा एकच आकडा ठरवून दिला. तंगडी मात्र १७५-१८०पर्यंत गेली की अधिक मऊ लागते. आकडे वाचण्याचे काम नातवाकडे होते आणि तो दर दहा मिनिटांनी अतिदक्षता विभागातील परिचारिकेच्या तत्परतेने ते वहीत उतरवीत होता.

पाऊस

सव्वापाचला छातीत ११८ अंश झाले आणि त्याच सुमारास पश्चिमेकडून काळे ढग आले. डोंगरातला पाऊस सूचना देत नाही. विजेची वायर, लोखंडी पेटी आणि पाणी यांचा मेळ नको म्हणून दादाने धावत जाऊन प्लग ओढला, यजमानांनी कोंबडी ताटात घेतली आणि आम्ही सारे आत. गाडीतील गॅसभट्टी पेटवून, चिमणीचा पंखा चालू करून व छताची खिडकी उघडून कोंबडी तेथे पूर्ण केली. पाऊण तासाने नातवाने जाहीर केले: छाती १६६, तंगडी १७८.

पंधरा मिनिटे मुरू दिल्यावर दादाने पहिला काप घेतला. कातडीखाली गुलाबी रंगाची एक बारीक रेघ होती आणि तंगडीच्या हाडालगतही गुलाबी झाक. नातू म्हणाला, "कच्ची आहे!" मी त्याला समजावून सांगितले. हाडालगतचा रंग कोंबडीच्या वयाचा. बाजारातील कोंबड्या अवघ्या सहा-आठ आठवड्यांच्या असतात. त्यांची हाडे पुरती घट्ट झालेली नसल्याने मज्जेतील रंगद्रव्य बाहेर झिरपते. म्हणजे बालरोगतज्ज्ञाचाच विषय. आणि कातडीखालची रेघ धुराची. धुरातील नायट्रिक ऑक्साइड व कार्बन मोनॉक्साइड हे वायू मांसातील मायोग्लोबिनला घट्ट धरून बसतात. मग कितीही शिजविले तरी तो रंग जात नाही.

हे सांगता सांगता माझे मलाच अडखळावयास झाले. घास उत्तम होता. लाकडाचा मंद वास, काळा मसाला, कुरकुरीत कातडी. सर्वांनी बोटे चाटली. मी मात्र त्या गुलाबी रेघेकडे पाहात राहिले.

जेवण आटोपले तेव्हा पाऊस झिमझिम उरला होता आणि थंडी वाढली होती. हा अस्वलांचा मुलूख. चरबी लागलेली शेगडी रात्री बाहेर ठेवता येत नाही. तसे नियमच आहेत आणि शहाणपणही. दादा उठून म्हणाला, "शेगडी आत दारापाशी ठेवतो. प्लग केव्हाच काढलाय. उलट कोमट असेल तर जरा ऊबच येईल."

मी ज्या आवाजात "नाही!" म्हटले, त्याने सारेच दचकले. मुलासमोर मी कधी असे ओरडले नव्हते. दादाला घेऊन बाहेर गेले व झाकण उचलले. वाटीतून धुराचा एक बारीक धागा वर आला. ही यंत्रे बटणाने बंद केली तर पंखा काही वेळ चालू राहून उरलेल्या कांड्या जाळून टाकतो. प्लग ओढला की पंखाही थांबतो आणि विस्तव वाऱ्याविना धुमसत राहतो. अशा अर्धवट जळण्यातूनच कार्बन मोनॉक्साइड अधिक निघतो. दादा अभियंता आहे. झाकण उचलताच त्याला सारे समजले. तो काही बोलला नाही. छत्री आणली, दोन खुर्च्या मांडल्या आणि आम्ही दोघे बहीणभाऊ ती शेगडी पूर्ण थंड होण्याची वाट पाहात बसलो.

तेथे मी त्याला जे सांगितले, ते पंचवीस वर्षांत यजमानांखेरीज कोणाला सांगितले नव्हते.

१९९८ सालचा जानेवारी

एम.डी. होऊन मला दोन वर्षे झाली होती आणि स्वतःचा दवाखाना नुकताच सुरू केला होता. ग्वाल्हेरची जानेवारीतली थंडी आपणांस ठाऊक आहे. एका सकाळी एक आई दोन मुलांना घेऊन आली. दोघांना उलट्या, मोठ्याचे डोके दुखत होते, धाकटा तीन वर्षांचा, सुस्त. ताप नाही, जुलाब नाहीत. आई म्हणाली, "मलाही रात्रीपासून मळमळतंय, पण इथे येईपर्यंत बरं वाटू लागलं." मी विचारले, काल काय खाल्ले? लग्नाचे जेवण होते. माझे निदान झाले: अन्नातून विषबाधा. उलटीचे औषध दिले, मीठ-साखरेचे पाणी समजावून सांगितले आणि घरी पाठविले.

घर म्हणजे एक खोली. दुसऱ्या दिवशी पहाटे वडील मला बोलवावयास आले. मी गेले तेव्हा खोलीचे दार उघडे होते आणि कोपऱ्यात विझत आलेली शेगडी होती. मोठा मुलगा व आई शुद्धीवर येत होती. त्यांना रुग्णालयात हलविले, प्राणवायू मिळाला, ती वाचली. धाकटा रजईत होता. त्याचे गाल गुलाबी होते. क्षणभर मला वाटले, झोपला आहे.

सारी लक्षणे माझ्यासमोर मांडलेली होती. घरातील तिघे एकाच वेळी आजारी, ताप नाही, आणि मोकळ्या हवेत येताच आईला बरे वाटलेले. पुस्तकात हे सारे मी वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. परंतु "रात्री खोलीत शेगडी ठेवता का?" हा प्रश्न मी विचारला नाही. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहब, आपने तो दवा दी थी." ते वाक्य मला आजही ऐकू येते.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा शेगडीवर पाणी मारल्याशिवाय आत येत नसत. आठवतं? कितीही थंडी असो, आई म्हणायची निखारे आत आणा, हात शेकू. ते म्हणायचे, शेगडी बाहेरच बरी." मला आठवत होते. निखाऱ्यांवर पाणी पडल्याचा तो चर्र आवाजही आठवत होता. बाबांना त्या वायूचे नावही माहीत नव्हते. मला नाव, सूत्र, सारे माहीत होते.

साडेनऊच्या पुढे शेगडी हाताला गार लागली. दादाने पुन्हा झाकण उघडून राख पाहिली, बोट लावून पाहिले, चरबी पुसून काढली आणि मगच ती गाडीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवून कुलूप लावले. आत नातू छताजवळच्या धोक्याच्या घंटेचे बटण दाबून ती वाजते की नाही, हे तपासत होता. आजोबांनी आत येऊन त्याला जवळ घेतले आणि सांगितले, "घंटा आहे म्हणून विस्तव आत आणायचा नसतो."

शेवटी थोडे औषध

संपादकांना दिलेला शब्द मोडून थोडे औषधाचे लिहिते. आपल्या शहरात अजूनही दर हिवाळ्यात बंद खोलीतील शेगडीने माणसे जातात, आणि आता न्हाणीघरातील गॅसच्या गीझरची त्यात भर पडली आहे. खिडकीची फट पुरेशी नसते. या वायूला वास नाही, रंग नाही. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने चिकटून बसतो. आपल्या बोटावरचे साधे पल्स ऑक्सिमीटर त्याला ओळखत नाही. मूल गुदमरत असताना ते अठ्ठ्याण्णव टक्के दाखवू शकते. शंका येताच प्रथम माणसांना मोकळ्या हवेत काढावे आणि पूर्ण प्राणवायू सुरू करावा. साध्या हवेत या वायूचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हावयास चार-पाच तास लागतात, शंभर टक्के प्राणवायूवर सुमारे एक ते दीड तास. तपासणीच्या अहवालासाठी प्राणवायू थांबवू नये.

आणि माझ्या तरुण सहकाऱ्यांनो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ताप नसलेली डोकेदुखी वा उलटी घेऊन मूल आले, घरात आणखी कोणी आजारी असले, तर एक प्रश्न अवश्य विचारा. माझ्या टेबलावरील काचेखाली तो १९९८ पासून चिठ्ठीवर लिहिलेला आहे. चिठ्ठी पिवळी पडली म्हणून मी ती दोनदा नव्याने लिहून घेतली.

दादा या डिसेंबरात ग्वाल्हेरला येणार आहे. अंगण आता राहिले नाही. सदनिकेची गच्ची आहे. त्याने फोनवर विचारले, गच्चीवर शेगडी लावता येईल काय? मी म्हटले, ये, कोळसा मी आणून ठेवते. पाण्याची बादलीही भरून ठेवीन.